समोसा कोणत्या हातात होता

…तर समोसा होता भटनागर साहेबांच्या उजव्या हातात, आणि चटणी पार मनगटापर्यंत ओघळलेली. काल इथवर आलो आणि जेवणाची हाक आली, म्हणून तो समोसा तसाच हातात राहिला. आज तो खाली ठेवू. पण काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागून यायला हवं, नाहीतर म्हणतील कोण भटनागर आणि कसला समोसा.

खरं तर गोष्ट भटनागरांची नाहीच. गोष्ट आहे अच्युतराव पांढरीपांड्यांची. मूळचे नागपूरचे. राजधानी नागपुरातून उठून भोपाळला गेली तेव्हा त्यांचे वडील सचिवालयाच्या फायलींबरोबर गाडीत बसून आले, टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरात उतरले, आणि दोन-चार वर्षांत परत जाऊ असं म्हणत म्हणत तिथेच पेन्शनीत गेले. अच्युतराव शिकले आणि सरकारी मालकीच्या एका मोठ्या कारखान्यात लागले. कारखाना म्हणजे एक गावच हो. स्वतःची टाउनशिप, स्वतःची शाळा, दवाखाना, बाजार, आणि रांगेतल्या सारख्या क्वार्टरांपुढे सारखेच कढीपत्ते. त्यांची नोकरी तपासणी खात्यात. मशीनवरून उतरलेला भाग मापायचा, माप बरोबर असलं तर सही करायची, नसलं तर परत धाडायचा. स्वतः माप घेतल्याशिवाय या माणसानं कधी सही केली नाही. त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई शेजारणींना सांगत, आमच्याकडे पोळी जाड झाली तर शेरा मारून परत येते.

आता लाच घेणाऱ्यांना पकडणारं जे खातं असतं, त्याची एक रीत आहे. सापळा लावायचा तर दोन साक्षीदार, म्हणजे पंच, लागतात, आणि ते दुसऱ्याच सरकारी ठिकाणचे लागतात, म्हणजे त्यांचं कुणाशी देणंघेणं नसतं. मग चिठ्ठी येते: उद्या सकाळी दोन माणसं पाठवा. कशासाठी ते सांगत नाहीत. जिथे चिठ्ठी येते तिथला साहेब दोन प्रकारची माणसं शोधतो, एक ज्याच्यावाचून काम अडत नाही आणि दुसरा ज्याला नाही म्हणता येत नाही. कारखान्यात त्या आठवड्यात एक मोठं मशीन बंद पडलं होतं, तपासायला भाग नव्हते, तेव्हा अच्युतराव दोन्ही मापांत बसले.

ही नव्वदच्या सुमाराची गोष्ट. अच्युतरावांना मात्र तो मान वाटला. मेहुणीच्या लग्नात शिवलेला शर्ट त्यांनी काढला. वैजयंतीबाईंनी हातावर दही ठेवलं आणि विचारलं, नेमकं कुठे निघालात? ते म्हणाले, देशाचं काम आहे. बाई म्हणाल्या, मग येताना कोथिंबीर आणा.

तक्रार होती विलासची. विलास पांढुर्ण्याकडचा, टाउनशिपच्या बाजारात पिठाची चक्की चालवायचा; अर्ध्या वसाहतीची कणीक त्याच्या हातची. त्याला मोठी मोटर बसवायची होती, आणि मोटरीची मंजुरी एका खात्यात भटनागर साहेबांच्या टेबलावर अडकून बसली होती. विलास चकरा मारून मारून कंटाळला, आणि कुणी तरी सांगितलं म्हणून त्या लाच पकडणाऱ्या खात्याकडे गेला.

तिथे इन्स्पेक्टर तोमर होते. ग्वाल्हेरकडचा उंच माणूस, डोळे कायम जागरणाचे. कितीतरी जिल्हे, एक जीप, आणि तीही ढकलल्याशिवाय सुरू न होणारी. तोमरांनी विलासच्या नोटांना एक पांढरी पावडर चोपडली. दिसत नाही, वास नाही. पण ज्यानं त्या नोटा हाताळल्या त्याचा हात सोड्याच्या पाण्यात बुडवला की पाणी गुलाबी होतं. कारखान्यातून आलेल्या दुसऱ्या पंचानं दारातून पाहायचं, आणि अच्युतरावांचं काम एवढंच, की विलासचा मेहुणा म्हणून सोबत जायचं, शेजारी बसायचं, बघायचं आणि ऐकायचं.

दोघे गेले. भटनागर टेबलावर वर्तमानपत्र पसरून समोसा खात होते. माणूस मोठा अदबीचा. आइए, बैठिए, भाईसाहब को भी कुर्सी दीजिए. विलासनं घाबरत नोटा पुढे केल्या. भटनागरांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, तो चटणीनं बरबटलेला. तेव्हा त्यांनी डावा हात पुढे केला, आणि लक्ष्मी डाव्या हातानं घेतोय याचं त्यांनाच वाईट वाटलं असावं, कारण घेता घेता म्हणाले, "माफ़ करना भाई, उल्टा हाथ है." मग समोसा वर्तमानपत्रावर ठेवला, बोटं रुमालाला पुसली, नोटा दोन्ही हातांनी सारख्या केल्या आणि फायलीखाली सरकवल्या.

विलासनं ठरलेली खूण म्हणून गमछ्यानं तोंड पुसलं. तोमर आत आले. पेल्यात सोड्याचं पाणी कालवलं गेलं. डावा हात बुडवला, पाणी गुलाबी. दुसऱ्या पेल्यात उजवा, तेही आधी चटणीनं जरा गढूळ आणि मग गुलाबी. गुलकंद विरघळावा तसा रंग. अच्युतरावांना आतून अगदी गार वाटलं. आयुष्यभर लोखंडाची मापं घेतली, पण माणसाचं माप असं एका पेल्यात निघतं हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. पाणी बाटल्यांत भरलं, लाख लावली, वरच्या चिठ्ठ्यांवर सह्या झाल्या. सगळं होऊन उन्हंसुद्धा कलली नव्हती.

आणि इथेच ती चूक झाली.

तोमरांचा लेखनिक पंचनामा लिहीत होता. खाली कार्बनचे थर, वर त्याचा सवयीचा हात. असले पंचनामे त्यानं इतके लिहिले होते की वाक्यं आपोआप उतरत, नाव आणि गाव तेवढं बदलायचं. त्यानं लिहिलं, आरोपीनं रक्कम उजव्या हातानं स्वीकारली. अच्युतराव म्हणाले, डाव्या हातानं घेतली. लेखनिकानं मान वर केली, जणू ते काही तरी अचकट बोलले. तोमर भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते, ते तसेच म्हणाले, "पांढरीपांडेजी, पैसा उल्टे हाथ से कौन लेता है?" मग डोळे उघडून त्यांनी समजूत घातली. दोन्ही हात गुलाबी झालेत, कुणी विचारणार नाही. आता बदलायचं तर सगळ्या प्रती पुन्हा लिहाव्या लागतील, सगळ्यांच्या सह्या पुन्हा, आणि जीप बैरागढला एका दुसऱ्या कामावर जायची आहे. त्या माणसाच्या आवाजात लबाडी नव्हती. नुसता थकवा होता, आणि थकलेल्या माणसाला नाही म्हणणं अच्युतरावांना कधीच जमलं नव्हतं.

त्यांनी सही केली. उजवा हात लिहिला, म्हणून भटनागरांची ती माफीही कागदात आली नाही. उजव्या हातानं घेणारा कशाची माफी मागणार?

येताना कोथिंबीर आणायची राहिली.

पहिले काही महिने टाउनशिपमध्ये नुसती मजा होती. गणपतीच्या मांडवात प्रसाद वाटताना शेजारचे गजाननराव मोहरीर ओरडायचे, अहो, पांढरीपांडे आलेत, हात धुऊन घ्या सगळ्यांनी. कँटीनमध्ये कुणी सरबत मागवलं की विचारायचे, गुलाबी की साधं? अच्युतरावही हसत. हळूहळू मात्र ठेकेदारांची माणसं त्यांच्या खोलीत यायची बंद झाली, मग ठेकेदारांच्या चहाला जाणारे सहकारीही जरा लांबून नमस्कार करू लागले. वाईट कुणी बोललं नाही. फक्त खुर्ची कुणी जवळ ओढेना.

आणि तारखा सुरू झाल्या.

धरायला एक दुपार लागली होती. पण मुळात खटला चालवायलाच वरून परवानगी लागते, ती येईपर्यंत कांचन, त्यांची मुलगी, शाळेतून कॉलेजात गेली. मग कोर्ट बदललं. मग सरकारी वकील बदलले, नवे आले त्यांना फाइल वाचायला वेळ हवा होता, वाचून झाली तेव्हा त्यांची बदली झाली. समन्स घेऊन शिपाई दारात यायचा तेव्हा वैजयंतीबाई त्याला पाणी द्यायच्या. पुढे पुढे तो आपणहून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येऊन विचारायचा, ताई, आज पोहे आहेत का? अच्युतराव रजा टाकायचे, डबा घ्यायचे, कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसायचे. दुपारी पुकारा व्हायचा आणि पुढची तारीख मिळायची.

त्याच बाकावर दुसऱ्या टोकाला भटनागर बसलेले असायचे. निलंबन कधीच उठलं होतं, मध्ये एक बढतीही होऊन गेली होती. आधी दोघे एकमेकांकडे बघत नसत. पण एकाच बाकावर माणूस किती वर्षं भिंतीकडे बघणार? एका उन्हाळ्यात भटनागरांनी आपली पाण्याची बाटली पुढे केली. मग रक्तदाबाच्या गोळ्यांवर बोलणं झालं. बिट्टन मार्केटला भाजीच्या दिवशी गाठ पडली की भटनागर हात जोडून विचारत, "क्यों पांढरीपांडेजी, अगली तारीख़ पे आ रहे हैं ना?" जशी काही सत्यनारायणाची पूजा आहे. अच्युतराव घरी येऊन म्हणायचे, माणूस तसा चांगला आहे गं. वैजयंतीबाई म्हणायच्या, चांगला आहे म्हणून तर तुम्हाला बोलवायला शिपाई येतो आणि त्याला सोडायला गाडी.

विलासची चक्की आधी मंदावली आणि मग बंद पडली. मोठी मोटर काही बसली नाही. कागद पुढे सरकला तरी दर वेळी एखादी सही कमी असायची. शेवटी त्यानं चक्की विकली आणि भोपाळातच करोंदला भावाच्या दुकानात बसू लागला. त्याची साक्ष झाली तेव्हा अच्युतराव बाहेर व्हरांड्यात होते. विलास आत गेला आणि म्हणाला, पैसे मी स्वतःच फायलीखाली ठेवले, साहेबांनी मागितले नव्हते. बाहेर आला तो खाली मान घालून. अच्युतरावांसमोर थांबला आणि म्हणाला, "काका, मला याच गावात दुकान चालवायचंय." त्याच्या केसांत पीठ नव्हतं हेच अच्युतरावांना सारखं दिसत होतं. इतकी वर्षं तो माणूस त्यांनी पांढऱ्या केसांचाच पाहिला होता.

दुसरा पंच तोवर वारला होता. म्हणजे भटनागरांनी लाच घेतली हे डोळ्यांनी पाहून सांगणारे आता एकटे अच्युतराव उरले.

तेही निवृत्त झाले. क्वार्टर सोडावं लागलं. कांचन लग्न होऊन नागपूरला होती, तिनं घराजवळ आईवडिलांसाठी दोन खोल्या पाहून ठेवल्या. वैजयंतीबाईंनी सामान बांधलं. वडिलांचं ते राहिलेलं परत जाणं निदान आपल्या हयातीत तरी होईल, असं अच्युतरावांनाही वाटलं. तेवढ्यात समन्स आलं. मग बिट्टन मार्केटच्या मागे एक जागा भाड्यानं घेतली, एवढी साक्ष होईपर्यंत. साक्ष होईना. भांड्यांची पेटी बांधलेलीच राहिली. पाहुणे आले की वैजयंतीबाई त्या पेटीवर चादर टाकून त्यांना बसवत, आणि दर दिवाळीला पुरणयंत्र आत आहे म्हणून पुरण पाट्यावर वाटत.

शेवटी तारीख अशी लागली की यंदा साक्ष होणारच, असं सगळे म्हणू लागले. आदल्या दिवशी नव्या सरकारी वकिलांनी अच्युतरावांना भेटायला बोलावलं. तरुण, हुशार, डोक्यावर फायलींचा ढीग. त्यांनी सांगितलं, बचाव पक्षानं त्या कचेरीच्या कँटीनवाल्याला बोलावलंय. तो सांगणार, साहेब उजव्या हातानं समोसा खात होते, मग उजव्या हातानं पैसे घेतील कसे? तेव्हा तुम्हाला हात कोणता हे नक्की विचारणार. कागदावर उजवा आहे. तुम्ही उजवा म्हणालात तर कँटीनवाल्याच्या आठवणीपुढे कागद टिकेल. डावा म्हणालात तर कागदच खोटा ठरतो, आणि मग त्या कागदातलं बाकीचं कोण मानणार? शिवाय खोट्या कागदावर सही केली म्हणून उद्या तुमच्यावरही येऊ शकतं. आपको बस वही बोलना है जो लिखा है.

अच्युतरावांनी विचारलं, तोमर साहेब येणार आहेत का? वकील म्हणाले, येऊन गेले मागच्या महिन्यात. ग्वाल्हेरहून आले, नातवाचा हात धरून. त्यांना आता काही आठवत नाही. त्यांनी कागद वाचून दाखवला आणि गेले.

घरी आल्यावर अच्युतराव पेटीवर बसले आणि सगळं सांगितलं. वैजयंतीबाई पालक निवडत होत्या. त्यांनी हातातली जुडी संपवली. मग म्हणाल्या, "त्यानं पैसे घेतले होते ना?"

"घेतले होते."

"तुम्ही पाहिलं ना?"

"पाहिलं."

"मग उजवा म्हणा आणि मोकळे व्हा. चोर तर चोरच आहे, हात कोणता का असेना."

बाईचं म्हणणं चूक नव्हतं हे अच्युतरावांनाही दिसत होतं. डावा म्हणून भटनागर सुटला तर इतकी वर्षं बाकावर झिजलेले कपडे, विलासची चक्की, ही पेटी, सगळं फुकट. आणि सुटला तो आपल्या तोंडानं सुटला, हे जन्मभर राहील. उजवा म्हणावं, तर जे माप चुकलेलं आपण स्वतः पाहिलं ते शपथेवर बरोबर म्हणायचं. एकदा तसं केलं होतं, तेव्हा निदान शपथ घ्यायला कुणी लावलं नव्हतं. शिवाय मनाच्या तळाशी भीतीही होती, ती का लपवायची? पेन्शनीवर जगणारा माणूस. हे वकीलसाहेब म्हणतात तसं खरंच आपल्यावर आलं तर? पुन्हा बाक, पुन्हा तारखा, आणि या खेपेला बाकाच्या दुसऱ्या टोकाला आपण.

"आणि माझ्या पुरणयंत्राला गंज चढला असेल," बाई म्हणाल्या आणि पालक घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हातावर दही ठेवलं नाही. डबा मात्र दिला.

कोर्टात न्यायाधीश बाई होत्या, सापळा लागला तेव्हा शाळेत असतील एवढ्या वयाच्या. बाटल्या मागवल्या गेल्या. लाख तशीच होती, चिठ्ठीवरची अच्युतरावांची सही पिवळी पडली होती, आणि आत बघतात तो नुसतं पाणी. तो रंग टिकत नाही म्हणे. वर्षं गेली की उडून जातो. प्रयोगशाळेचा अहवाल फाइलीत होता, त्यामुळे कायद्यानं काही बिघडलं नाही. पण भटनागरांच्या वकिलानं ती बाटली उजेडात धरून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाला, मॅडम, गुलाबी कुठे आहे? मागे दोघेतिघे हसले. अच्युतरावांना हसूही आलं नाही आणि रागही. एवढंच वाटलं, की आता तो रंग पाहिलेलं असं आपल्याशिवाय इथे कुणी नाही. हां, एक भटनागर आहेत. त्यांनी तिकडे पाहिलं. भटनागर चष्मा काढून पुसत होते. साखर वाढल्यामुळे समोसा त्यांना केव्हाच बंद झाला होता, हे त्यांनीच बाकावर सांगितलं होतं.

वकिलानं बाटली खाली ठेवली आणि सावकाश विचारलं, पांढरीपांडेजी, तुम्ही तर तपासणीवाले. नीट आठवून सांगा, माझ्या अशिलानं पैसे कोणत्या हातानं घेतले? सरकारी वकील समोरच्या कागदावर बोट टेकवून उभे होते, उजवा शब्द होता तिथेच. भटनागरांचं चष्मा पुसणं थांबलं.

अच्युतरावांनी उत्तर दिलं. ते हिंदीत दिलं, नागपुरी वळणाच्या. न्यायाधीश बाईंनी ते उतरवून घ्यायला लावलं, मग चष्म्यावरून एकदा त्यांच्याकडे आणि एकदा भटनागरांकडे पाहिलं, आणि सांगितलं, तुम्ही जाऊ शकता, गरज पडली तर पुन्हा बोलावू. सरकारी वकिलांनी फाइल मिटली. बाहेर बाकावर अच्युतरावांनी डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि मिटला. शेजारी कुणी येऊन बसलं नाही. येताना त्यांनी कोथिंबीर घेतली.

घरी वैजयंतीबाई दारातच होत्या. पेटीवरची चादर काढलेली होती; बांधायची की सोडायची ते ठरवायला जणू थांबल्या होत्या. पुन्हा बोलावणार का, हे त्यांनी आधी विचारलं, आणि गरज पडली तर, हे ऐकून जुडी हातातून घेतली. मग विचारलं, काय सांगितलंत शेवटी? अच्युतराव वहाणा काढायला वाकले होते. ते तसेच, खाली बघत, कोर्टातलं आपलं उत्तर जसंच्या तसं मराठीत बोलले:

"मी म्हटलं, डाव्या हातानं घेतले, कारण उजव्यात समोसा होता, आणि उलटा हात आहे, माफ करा, असं भटनागर साहेब स्वतः म्हणाले होते, न घेणारा माणूस हाताची माफी कशाला मागेल? कागदावर उजवा लिहिलाय त्याखाली माझी सही आहे, तेव्हा ती चूक माझ्याकडे लावा, पण पैसे त्यांच्याकडेच राहू द्या."